कूलर बंद करा, अक्का खेळतायत

अक्का, सगळ्यात आधी सांगून टाकतो, कूलर चालू आहे. रागावू नका. बाहेर जळगावचं ऊन माणसाला शेकून काढतंय. दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी आलो, तर मनीषाने कूलर आधीच लावून ठेवलेला. तीन उन्हाळे तुमच्या लेकीने तुमच्यापायी घामाच्या धारा सोसल्या, यंदा तिला कोणाची आडकाठी नाही. तरी मघाशी पाहिलं, कूलरमध्ये बादली ओतून झाल्यावर ती उगाचच त्याच्या बटणापाशी थोडा वेळ उभी होती.

जावई सासूवर लिहायला बसला म्हटल्यावर लोकांना वाटणार, आता पुरणपोळ्यांचं कौतुक येणार. खरं सांगू का अक्का, तुमची पोळी खापरावर टाकताना फाटायची, आणि तुम्ही ती पटकन घडी घालून माझ्या ताटात सारायच्या. तूप एवढं ओतायच्या की फाटकं दिसू नये. तर पोळ्यांचं राहू द्या. मला आठवतं ते तुमच्या उजव्या हाताचं एक बोट. मांडीवर कंट्रोलर, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत रिमोटच म्हणालात. मान जराशी डावीकडे, डोळे मिटलेले, आणि ते बोट बटणावर नुसतं टेकवलेलं. दाबलेलं नाही. सत्तरी ओलांडलेली बाई व्हिडिओ गेम खेळते हे ऐकून लोक हसायचे. पण बघायला बसले की त्यांचाही श्वास अडकायचा.

तुम्ही आमच्याकडे आलात त्या डोळ्यांच्या उन्हाळ्यात. तुमच्या लेकाने, प्रवीणने, धुळ्याहून गाडीत घालून आणलं तुम्हाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं, पंधरा दिवस लेकीकडे राहायचं, आणि परत आपल्या पिठाच्या गिरणीवर जाऊन बसायचं, असा तुमचा बेत होता. मोतीबिंदू निघाला, पण मागे काचबिंदू दडून बसलेला, दोन्हीकडे. त्याने नजर आधीच खाऊन टाकली होती. समोर कोणी उभं आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मनीषा रडली, प्रवीण रडला. तुम्ही म्हणालात, "गिरणीवाल्यांचे कान जातात. माझे डोळे गेले. कान राहिले हे बरंच झालं की!" आणि चहा मागितलात.

मग ती लांबलचक दुपार. मालिका ऐकून ऐकून तुम्हाला वीट आला होता. एकच माणूस तीन-तीनदा दचकतो, म्हणायच्या, आणि वीज कडाडते. मी दुकान बंद करून आलो की जेवायचो आणि पडद्यासमोर बसायचो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, ठिबकच्या नळ्या विकणारा, आणि दुपारभर तलवारी फिरवणारा. सासूसमोर बरं दिसत नाही म्हणून पहिले दोन दिवस मी बसलोच नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "जवाईबापू, खेळा ना तुमचं. मी काय बघणार आहे?"

मी अडकलो होतो पुलावरच्या भालाईतापाशी. या जातीच्या खेळात सगळी मेख एका गोष्टीत असते. पॅरी म्हणतात तिला. समोरच्याचा वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी आपली तलवार आडवी घालायची. क्षणभर आधी घातली तर मेलात, क्षणभर नंतर घातली तरी मेलात. बरोबर घातली तर ठण्ण असा आवाज होतो, समोरच्याचाच तोल जातो आणि मग तो तुमचा. मला ते काही केल्या जमत नव्हतं. मी आपला बाजूला उड्या मारत होतो आणि भाला खात होतो.

"जवाईबापू, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना अक्का."

"तो माणूस मारायच्या आधी खाकरतो."

"कोण माणूस?"

"तुम्हाला मारतोय तो. दर वेळी. आधी खाकरतो, मग मारतो. तो खाकरला की तुम्ही पळता, आणि पळताना सापडता."

मी म्हटलं, काहीतरीच काय. पण कान दिला, आणि खरंच की! भाला उचलताना त्याच्या चिलखताचा कसलासा घरघर आवाज होत होता. आठ दिवस मी त्याच्या हातून मरत होतो आणि मला तो ऐकूच आला नव्हता. तुम्ही दिवाणावर काळा चष्मा लावून पडलेल्या, तोंड भिंतीकडे. म्हणालात, आता मी सांगते. आणि खाकरल्याबरोबर ओरडलात, "आते!" म्हणजे आत्ता. मी बटण दाबलं. ठण्ण. पुन्हा "आते!" पुन्हा ठण्ण. भालाईत पुलावरून खाली गेला, आणि मनीषा लाटणं हातात घेऊन धावत आली, तिला वाटलं तुम्हाला काही झालं.

कान कुठून आले ते पुढे कळलं. चक्कीत दाणे संपत आले की जात्याचा आवाज बदलतो, आणि दगडाला दगड लागायच्या आत वरचा दगड उचलणारा दट्ट्या ओढावा लागतो. माझे सासरे गेल्यावर सगळी उमर तुम्ही त्या एका आवाजाची वाट बघत काढलीत. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या, पिठाने पांढऱ्या व्हायच्या, भांडायच्या, आणि कान तिकडेच. तुम्हाला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. मी फार कौतुक करायला लागलो की म्हणायच्या, "दोनदा दगड फोडलेत मी, ते पण सांगा सगळ्यांना."

कूलरचं भांडण दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. पुढचा भालाईत हळू खाकरायचा, कूलरच्या घरघरीत ते ऐकू येईना. तुम्ही म्हणालात, बंद करा. मनीषा म्हणाली, "अक्का, पारा कुठे गेलाय, माहीत आहे का?" तुम्ही म्हणालात, पारा जाऊ दे, भालाईत चाललाय. कूलर बंद, पंखा सगळ्यात हळू, खिडक्यांना ओले पडदे, आणि आम्ही दोघं घामाने निथळत तलवारी मारतोय. मनीषा स्वयंपाकघरात भांडी आपटायची. समोरच्या काकू एकदा विचारायला आल्या, वीज गेली का हो तुमची? मनीषाने दारातूनच सांगितलं, "वीज आहे. अक्का खेळतायत."

पण तुमच्या तोंडातून "आते" निघून माझ्या बोटापर्यंत पोचायला वेळ लागायचा. सोपे शत्रू मरायचे, चपळ शत्रूंपुढे आपली फजिती. मग मला मशीनमध्येच एक सोय सापडली. दोन कंट्रोलर जोडायचे आणि दोघांनी मिळून एकच योद्धा चालवायचा. तुम्हाला समजावून सांगितलं, पाय माझे, हात तुमचा. चालवणार मी, वळवणार मी, वार तुम्ही झेलायचा. एकच बटण, उजवीकडचं वरचं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "दुसरा रिमोट आहे का आपल्याकडे?" नव्हता. 

पावसाळा लागल्यावर तुम्ही धुळ्याला परत गेलात, पुढे आमच्याकडे उन्हाळ्यापुरत्या यायच्या. त्याच साली अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचं. माझे काका-काकू जेवायला बोलावलेले, मी नव्या सदऱ्यात पाटावर बसलेलो, आणि तुम्ही चाचपडत ताट पुढे केलंत. तेहतीस अनारसे, आणि त्यांच्यावर, हळदकुंकू लावलेला, कोरा करकरीत कंट्रोलर. प्रवीणला घेऊन धुळ्याच्या दुकानात स्वतः गेला होतात. दुकानदाराने विचारलं, नातवाला का आजी? तर म्हणालात, जावयाला. काका म्हणाले, हे काय चांदीचं आहे का? मनीषाने कपाळाला हात लावला. मी हळूच म्हटलं, "अक्का, वाण मला, आणि वापरणार तुम्ही." तुम्ही तितक्याच हळू आवाजात म्हणालात, "मग? अनारसे तर तुम्हीच खाणार ना?"

अक्का, या तीन वर्षांत मी नळ्या कमी विकल्या आणि खेळ जास्त शोधले. तुमच्या अटी म्हणजे वरपक्षाच्या अटींपेक्षा भारी. ढाल वर धरून बसता येईल असा खेळ नको, त्यात काय राम! हिंडणं-फिरणं नको, हिंडायला मी जत्रेत आलेय का? गाण्याचा गोंगाट नको. आणि शत्रूने मारायच्या आधी कसला तरी आवाज दिलाच पाहिजे, लबाडी केली तरी चालेल, पण आवाज पाहिजे. मी लोकांचे व्हिडिओ बघायचो, डोळे मिटून ऐकायचो. इंटरनेटवर कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांना विचारायचो, कठीण पाहिजे, पॅरीवर चालणारा पाहिजे, आणि दिसत नसलं तरी खेळता आला पाहिजे. एकाने विचारलं, खेळणाऱ्याचं वय काय? मी खरं सांगितलं. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.

एक फार नावाजलेला खेळ आणला. त्यात शत्रूच्या अंगावर लाल चमक आली की तो वार झेलायचा नसतो, टाळायचा असतो. तुम्हाला लाल कुठलं दिसणार? पहिल्याच लढाईत चार वेळा मेलो. तुम्ही म्हणालात, "हा मुका आहे. परत करा." एकात तबला वाजल्यासारखं संगीत सतत चालू, तुम्ही त्याच्या ठेक्यावर झेलायला लागलात आणि शत्रू बेताल निघाला. एकात मात्र एक राणी होती, तलवार उगारून थांबायची, थांबायची, आपलं बोट फसलं की मगच मारायची. मला तिचा संताप यायचा. तुम्ही मात्र खूश. "हाई बाई लबाड शे," म्हणायच्या, "पण कामाची शे." तिला मारलं त्या दिवशी तुम्ही प्रवीणला फोन करून सांगितलंत. त्याला वाटलं, शेजारच्या कोणाबद्दल बोलताय.

एरवी तुमचं माझ्याशी बोलणं म्हणजे जवाईबापू, दूध घ्या, जवाईबापू, बसा. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. पण एकदा का लढाई लागली की सगळं गेलं उडत. "अरे काय करी राह्यना! काबर सरकना तू?" मनीषा आतून ओरडायची, अक्का, जावई आहेत ते! तुम्हाला ऐकूच यायचं नाही. मला तर फार आवडायचं ते. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यानंतर मला इतकं मन लावून कोणी ओरडलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, म्हणून आता सांगतोय.

आणि "काबर सरकना", का सरकलास, हेच आपलं भांडण. पाय माझे होते ना. वार आला की माझा अंगठा आपसूक बाजूला उडी मारायचा. त्याच क्षणी तुमचं बोट झेलायला दाबलं जायचं. आपला बिचारा योद्धा धड सरकायचा नाही, धड झेलायचा नाही, मधेच आडवा व्हायचा. दुसऱ्या कोणी तलवार मारून आपल्याला जेवढं मारलं नसेल, तेवढे आपण आपसात मेलो. मी म्हणायचो, अक्का, वाचलं म्हणजे झालं, बाजूला होणं म्हणजे काही हरणं नाही. तुम्ही म्हणायच्या, बाजूला झालात की तो पुन्हा मारणारच, झेललंत की त्याचा तोल जातो.

मग एकदा तुम्ही माझी नस पकडलीत. प्रवीणच्या लग्नात बँडवरून व्याही रुसले होते, मांडवात चांगली जुंपली. मोठा जावई म्हणून मी मध्ये पडायचं, तर मी पसार. तुम्ही ते इतकी वर्षं मनात ठेवलं होतं. म्हणालात, "बर्फ आणायला गेला होतात तुम्ही. पंगती उठल्यावर आलात. आणि बर्फही नव्हता आणला." मी एवढा हसलो की योद्धा त्यातच मेला. त्यानंतर मी सरकलो की तुमचा पुकारा ठरलेला, "गया बरफ लेवाले!" आणि लगेच, "लाव परत." मेल्यावर हळहळ नाही, चहा नाही, पाणी नाही. लाव परत.

गेल्या हिवाळ्यात मी तुम्हाला शेवटचा खेळ शोधून आणला. त्यातला दरवाजावरचा म्हातारा. बाकीचे शत्रू खाकरायचे, घुंगरं वाजवायचे, पाय घासायचे. हा नुसता श्वास घ्यायचा. नाकातून, हलकेच, आणि मग वार. कधी श्वास घेऊन रोखून धरायचा. रविवारी मी मशीन पिशवीत घालून पारोळ्यावरून धुळ्याला यायचो आणि आपण तुमच्या खोलीत दार लावून त्या म्हाताऱ्यापुढे बसायचो. तुम्ही पंखाही बंद ठेवायला लावायच्या. प्रवीणला गिरणी दुपारी थांबवायला सांगायच्या, गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल. मला वाटतं, तुम्हाला तो म्हातारा मनापासून आवडला होता. जास्त बोलत नाही आणि चुकत नाही, म्हणायच्या. कितीदा हरलो! पण अर्ध्यापर्यंत पोचलो होतो, अक्का. त्याचं अर्धं बळ आपण काढलं होतं.

त्या रविवारी मात्र तुमचं बोट सारखं उशिरा पडायला लागलं. एकदा, दोनदा, दहादा. मी न सरकता उभा, आणि तुमचं बोट नाही. तुम्ही कंट्रोलर खाली ठेवलात. "आज त्याचा श्वास ऐकू येत नाही." मला वाटलं, आवाज कमी झाला असेल. मी वाढवला. मग सगळं शांत करून मी नीट ऐकलं. खोलीत श्वास ऐकू येत होता, मोठा, घरघरता. तो म्हाताऱ्याचा नव्हता, तुमचा होता.

हृदयाची झडप निकामी झालीय, म्हणाले डॉक्टर. ऑपरेशन मोठं, नाशिकला न्यावं लागेल. वय पाहता उठाल की नाही सांगता येत नाही. नाही केलं तर काही महिने, औषधांवर, घरात.  प्रवीण म्हणे, करू. मनीषा म्हणे, काय करायचं ते अक्काला विचारा. आणि मी, ज्याने आयुष्यात कुठल्या भांडणात उभं राहून दाखवलं नाही, तो मी तुमच्या खाटेशी बसून भांडलो. म्हटलं, "अक्का, तीन वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडलात, सरकायचं नाही, झेलायचं. आता स्वतःवर आलं तर?"

तुम्ही हसलात. पदर नीट केलात. आणि लढाई चालू नसतानासुद्धा मला पहिल्यांदा तू म्हणालात.

"या वेळी मी जाते बरफ आणायला. तू उभा राहा."

मी बाहेर ओट्यावर येऊन उभा राहिलो, चष्मा पुसला. आपलं भांडण तिथेच थांबलं आहे, अक्का. तीन वर्षं मी सरकण्याच्या बाजूने भांडलो आणि शेवटच्या दिवसांत बाजू बदलून बसलो. तुम्ही झेलण्याच्या बाजूच्या, आणि इतक्या सहज बाजूला झालात. कोण जिंकलं, तुम्हीच सांगा. मनीषा म्हणते, अक्काने बरोबर केलं. मीही आता तसं म्हणतो, पण ते म्हणायला मला दोन महिने लागले.

ते दिवस काही वाईट नव्हते हो. तुमच्या खाटेभोवती आम्ही सगळे होतो. तुम्ही गिरणीचं सगळं प्रवीणच्या बायकोला समजावून दिलंत, आवाजासकट. उडदाच्या डाळीचं वरण मागितलंत आणि दोन घास खाल्लेत. मी म्हटलं, म्हातारा लावू का? तर म्हणालात, "नको. आते त्याले आराम करू दे." चैत्रात, दुपारचं जेवून, भिंतीकडे तोंड करून झोपलात ते उठला नाहीत. कोणाची धावपळ नाही, कोणाला त्रास नाही. मांडवातून निघून गेल्यासारख्या, पंगती चालू असताना.

परवा अधिक महिना लागला आणि काल प्रवीण आला. भावकीत कोणी म्हणत होतं, वर्ष सरलेलं नाही, वाण कसलं देता? त्याने ऐकलं नाही. म्हणाला, तिने बजावून ठेवलंय. ताटात अनारसे होते, प्रवीणच्या बायकोने केलेले, तुमच्यापेक्षा बरे जमले आहेत, माफ करा. आणि अनारशांवर सेलचं पाकीट. पेन्सिल सेल, हळदकुंकू लावलेले. प्रवीण खाली बघत म्हणाला, "अक्का म्हणाली, जावयाला कपडे नको, चांदी नको. सेल दे. त्याचे दर वेळी लढाईच्या मध्येच संपतात."

काल रडलो, अक्का. मनीषासमोर, प्रवीणसमोर, अनारसा हातात धरून. बर्फ आणायला कुठे गेलो नाही.

तुम्ही गेल्यापासून मी मशीनला हात लावला नव्हता. भीती वाटत होती. लढाई हरण्याची नाही, हरण्यात आपला हातखंडा. भीती ही, की एकट्याने बसलो आणि कान लावला, आणि काहीच ऐकू आलं नाही तर? मग तीन वर्षं उरायची ती नुसती एक गंमत म्हणून. पण सेल आले. ते नुसते ठेवून कसे द्यायचे? म्हणून हे लिहिता लिहिता इथे थांबतो आणि जरा म्हाताऱ्याला भेटून येतो.

आलो परत. तासभर गेला असेल. काय झालं ते जसंच्या तसं सांगतो.

सेल घातले. दोन्ही कंट्रोलरमध्ये घातले, का ते विचारू नका. तुमचा दिवाणावर ठेवला, तुमच्या जागी. म्हातारा तसाच दरवाजात उभा होता. मी गेलो, मेलो. गेलो, मेलो. कूलरच्या घरघरीत मला कसला श्वास अन् कसलं काय! अंगठा पहिल्यासारखा बाजूला उड्या मारायला लागला. सहाव्यांदा की सातव्यांदा मेलो तेव्हा स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मनीषा पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ गेली आणि तिने कूलर बंद केला.

तीन वर्षं ज्याच्यासाठी ती तुमच्याशी भांडली, तो कूलर, अक्का. मग पंखा हळू केला. दिवाणावर बसली, तुमच्या जागी, मांडी घालून, आणि तुमचा कंट्रोलर उचलला.

मी म्हटलं, "बटण—"

"उजवीकडचं वरचं. माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"तीन वर्षं ऐकतेय ना आतून! पाय तुमचे ना? मग उभे राहा."

मी उभा राहिलो. म्हातारा पुढे आला. खोली इतकी शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मनीषाने डोळे मिटले. मला श्वास ऐकू आला नाही, देवाशपथ सांगतो, मला काहीच ऐकू आलं नाही. पण तिचं बोट हललं, आणि ठण्ण! म्हाताऱ्याचा तोल गेला. पुन्हा ठण्ण. भांडी घासता घासता, पोळ्या लाटता लाटता ही बाई सगळं शिकून बसली होती, आणि आपल्या दोघांना पत्ता नाही. तुमच्याच लेकीचे कान ते, अक्का, आपल्याला आधी कळायला हवं होतं. चौथ्या वाराला म्हाताऱ्याने श्वास रोखून धरला. मनीषा थांबली, बोट टेकवून, न दाबता. आणि माझा अंगठा घाबरला आणि सरकला.

योद्धा आडवा.

लग्नाला सोळा वर्षं झाली, मनीषा मला अहो-जाहो सोडून बोललेली नाही. धुळ्याची बोली तर जळगावात आल्यापासून तिच्या तोंडात मी ऐकलीच नव्हती. तिने डोळे उघडले, कंट्रोलर मांडीवर आपटला आणि तुमच्याच आवाजात ओरडली, "अरे काबर सरकना तू?"

 मग ती हसली आणि हसता हसता रडली, आणि मीही. समोरच्या काकू दारातून डोकावल्या, वीज गेली का हो?  मनीषाने पदराने तोंड पुसलं, मान जराशी डावीकडे केली, बोट बटणावर टेकवलं.

"लाव परत," म्हणाली.

म्हातारा अजून मेलेला नाही. आज अर्ध्याच्याही पुढे गेलो होतो. हे लिहायला मी पाच मिनिटं मागून घेतली आहेत, आणि ती तिकडून हाका मारतेय. घरात भट्टी झाली आहे, सदरा पाठीला चिकटलाय, शाई घामाने फुटतेय.

अक्का, सुरुवातीला जे लिहिलं ते चूक समजा. कूलर बंद आहे.